विमलला परत का बोलावलंत

तुमच्या तेराव्याचं जेवण आटोपलं, पानं उचलली, आणि पुढच्या खोलीत राघवेंद्र तुमची गोष्ट सांगायला बसला. तुमचा सगळ्यांत जुना ज्युनियर. आता त्याचेही केस पांढरे झालेत. मी दाराजवळच्या खुर्चीत होते. दोन वाक्यं झाली आणि कोणती गोष्ट ते मला कळलं. तेलगिरणीचा खटला. एका शिकलेल्या बाईची साक्ष सरांनी आवाज न चढवता कशी मोडली, ती.

त्यानं चांगली सांगितली. तुमचा आवाज काढला, चष्मा काढून हातात धरायची तुमची लकब करून दाखवली. सगळे हसले, दुखवट्याच्या घरात हसतात तसे, दबून. अनिकेत हसला. मीराही हसली. पण मग तिनं विचारलं, "अंकल, त्या बाईंचं पुढे काय झालं?"

राघवेंद्र म्हणाला, "ते आम्हाला कसं ठाऊक असणार, पुट्टी? साक्षीदार पिंजऱ्यातून उतरला की आपलं काम संपलं."

मीरानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हटलं. पण त्यांच्या बॅगा भरायच्या होत्या, भेटायला येणारे संपत नव्हते, आणि दोघं नातवंडं टोरांटोला परत गेली. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. बोलते तुमच्याशी, वाचायचं त्यांनी. त्यांना मराठी वाचता येतं ते तुमच्यामुळेच. दर सुट्टीत सकाळी त्या दोघांना व्हरांड्यात बसवून तुम्ही अक्षरं गिरवून घेतलीत, त्यांच्या आईनंही कधी घेतली नाहीत इतक्या धीरानं. तुमचा धीर फार मोठा होता. आता त्याच धीराविषयी लिहायचं आहे.

क्रमानं लिहिते. तुम्हाला क्रम आवडायचा.

विमल माझी कॉलेजातली मैत्रीण. निपाणीकडची, घरात मराठी, बाहेर कन्नड, दोन्ही सारख्याच फडाफडा बोलायची. बी.ए. झाल्यावर वडिलांनी तिचं हुबळीला लग्न लावून दिलं. नवरा मारायचा. एकदा त्यानं तिचा हात चुलीच्या कडेवर दाबून धरला, तो डाग मी पाहिलेला आहे. ती माहेरी आली, तर वडिलांनी दोन वेळा परत पोचवली. तिसऱ्यांदा ती माहेरी गेलीच नाही. सरळ बंगळूरला आली, माझ्याकडे.

तेव्हा आपण चामराजपेटेत राहत होतो. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तुम्ही तिला पाहिलंत आणि एक शब्द विचारला नाहीत. सासूबाई कुरकुरल्या तेव्हा त्यांना म्हणालात, "अव्वा, शारदाची मैत्रीण आहे, राहील." ती आठवडाभर राहिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मुलांना तुमचं हेही कळायला हवं.

तिला नोकरी हवी होती. जवळच्या एका मुलींच्या शाळेत जागा होती, पण शाळेच्या कमिटीतली माणसं जुन्या वळणाची. त्यांना कुमारिका चालत होत्या, विधवा चालत होत्या; नवऱ्याला टाकून आलेली बाई चालणार नव्हती. विमलनं एका दुपारी आपल्या न्हाणीघरात कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढून पदराच्या गाठीत बांधलं आणि कमिटीपुढे जाऊन विधवा असल्याचं सांगितलं. नोकरी मिळाली. परत आल्यावर मला म्हणाली, "त्याच्या जिवाला मी काही केलेलं नाही गं. फक्त माझ्यापुरता मारलाय." आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसलो.

ते हसू आज कुणाला समजेल की नाही, ठाऊक नाही. नवरा जिवंत असताना कपाळ मोकळं ठेवायचं म्हणजे तेव्हा काय होतं, हे मीराला समजावून सांगायला मला शब्द सापडत नाहीत. आमच्या घरांतल्या बायका झोपेतून उठून आरशाशी जायच्या त्या आधी कुंकवासाठी. कुंकू न लावता दारात आलेल्या बाईकडे पाहून शेजारीण हळू आवाजात विचारायची, बरं आहे ना सगळं? विमल रोज सकाळी, काही न लावता, त्या आरशापुढून निघून जायची.

तिनं आपल्या मागच्या रस्त्यावर माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली. खिडकी तेलगिरणीच्या अंगणावर उघडायची. शेंगदाण्याच्या पेंडीचा वास पुस्तकांनाही लागतो, म्हणायची.

चैत्रात आपल्याकडे हळदीकुंकू असायचं. बाहेर बायका, आणि विमल आत स्वयंपाकघरात कैरी किसत बसलेली. पन्हं ती करायची, डाळ ती वाटायची, बाहेर मात्र यायची नाही. विधवेनं यायचं नसतं. ती कोण आहे हे घरात फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं. सासूबाईंनाही तिनं, हुबळीला नवरा आजारात गेल्याचं मागाहून कळलं, असंच सांगितलं होतं. तुम्ही पाणी प्यायच्या निमित्तानं आत यायचात आणि हळूच म्हणायचात, "काय, आमच्या घरची गुप्त सवाष्ण कशी आहे?" ती किसणी उगारायची. मला तुमचं तेव्हा किती कौतुक वाटायचं. बायकोच्या मैत्रिणीचं गुपित इतक्या प्रेमानं सांभाळणारा नवरा माझ्या माहितीत दुसरा नव्हता.

तुम्हाला हे गुपित कसं कळलं, तेही क्रमात यायला हवं. मीच सांगितलं. तिला नोकरी लागून वर्ष झालं असेल. तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ बाजारात दिसला आणि विमलचा धीर सुटला. नवरा कोर्टातून हुकूम आणून आपल्याला ओढून नेईल, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं मला विचारलं आणि मी तुम्हाला. तुम्ही जेवत होतात. हातातला घास ठेवलात आणि नीट प्रश्न विचारलेत. लग्न कुठं झालं, त्यानं नोटीस पाठवली आहे का, शाळेला काय सांगितलंय. मी सगळ्याची उत्तरं दिली. तुम्ही म्हणालात, पोलीस पाठवून कुणी कुणाला नेत नाही, घाबरू नको म्हणावं, आणि काही आलंच तर मी आहे. मी निरोप सांगितला तेव्हा विमल रडली. म्हणाली, तुझ्या नवऱ्याचे पाय धरायला हवेत.

मी घरात नवऱ्याशी बोलले होते. त्यात चूक होती असं मी तेव्हा मानलं नाही, आजही मानत नाही.

आता गिरणी. मुनियप्पा तिथं पेंडीची पोती उचलायचा. तेलाचा एक डबा कमी भरला म्हणून मालकानं भर दुपारी अंगणात सगळ्यांसमोर त्याला लोखंडी गजानं मारलं. उजवं कोपर फुटलं. मारून झाल्यावर डबा गाडीखाली सापडला. विमलनं खिडकीतून हे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. सुट्टीचा दिवस होता, ती वह्या तपासत बसली होती. गिरणीतल्या माणसांनीही पाहिलं होतं, पण त्यांना दुसऱ्या दिवशी तिथंच कामाला जायचं होतं. पोलिसांनी नोंद घेतली नाही. मुनियप्पाच्या बायकोनं कुणा भल्या वकिलाला धरून मॅजिस्ट्रेटकडे खासगी फिर्याद लावली आणि साक्षीला कुणी आहे का म्हणून ती दारोदार फिरली. विमलनं दार उघडलं.

मी तिला म्हटलं होतं, कशाला पडतेस, तुझं आधीच नाजूक आहे. ती म्हणाली, "शारदे, मी डोळ्यांनी पाहिलंय. नाही पाहिलं असं कसं म्हणू?" बस, एवढंच. ती काही शूर वगैरे नव्हती. पाल दिसली तरी खुर्चीवर चढायची.

तेव्हाची रीत मुलांसाठी सांगते. अशा खटल्यात फिर्यादीचे साक्षीदार आधी येऊन आपलं सांगून जायचे. मग मॅजिस्ट्रेटला वाटलं तर आरोप ठेवायचे. आरोप ठेवल्यावर आरोपीला पुन्हा हक्क असायचा की ह्या साक्षीदारांपैकी ज्यांना हवं त्यांना परत बोलावून उलटतपासणी घ्यावी. बरेच वकील दोन्ही वेळा प्रश्न विचारायचे. तुम्ही पहिल्या वेळी कधीच विचारायचा नाहीत. तुमच्या आधीच्या पिढीतल्या मोठ्या वकिलांकडून घेतलेली ही पद्धत. साक्षीदाराला बोलू द्यायचं, घरी जाऊ द्यायचं, निर्धास्त होऊ द्यायचं. मग परत बोलवायचं. घरातही तुम्ही तेच करायचात. दिवाळीतलं भांडण तुम्ही दिवाळीत कधी भांडला नाहीत, श्रावणात उकरलंत.

गिरणीमालकाचे वकील सुरुवातीला दुसरेच होते. विमलची पहिली साक्ष झाली, आरोप ठेवला गेला, आणि मालक घाबरून तुमच्याकडे आला. मी तो आपल्या व्हरांड्यात बसलेला पाहिला. तो गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, ही केस तुम्ही घेणार का? तुम्ही म्हणालात, घेतली. मी म्हटलं, विमल आहे त्यात. तुम्ही म्हणालात, "माहीत आहे. सरी." तुमचं हे 'सरी' म्हणजे बोलणं संपलं.

मला राग आला होता, पण भीती वाटली नाही. उलट विमलला मीच सांगितलं की बरं झालं, आमचे ओरडत नाहीत, अपमान करत नाहीत, खिडकीचं विचारतील, उजेडाचं विचारतील, तू आहे ते सांग. ती म्हणाली, मग तू पण चल, मागे बस. तुम्ही परत बोलवायच्या साक्षीदारांत एकच नाव दिलं होतंत. राघवेंद्र आजही अभिमानानं सांगतो: बाकी सगळे सोडले, सरांनी एकच मागितली.

मी मागच्या बाकावर बसले. तुम्ही मला पाहिलंत आणि मान हलवलीत, घरी हलवता तशी.

खिडकीचं विचारलंत. अंतर विचारलंत. ऊन कुठून येत होतं, मध्ये झाड आहे का. विमलनं सगळं सांगितलं, कन्नडमध्ये, स्वच्छ. गज कोणत्या हातात होता तेही. एकदा तर तुमचीच चूक दुरुस्त केली, की गिरणीचं दार उत्तरेला नाही, पश्चिमेला आहे. मॅजिस्ट्रेट हसले. मला वाटलं, संपलं, सुटली.

मग तुम्ही चष्मा काढलात. "बाई, आपले यजमान काय करतात?"

विमलनं मान वळवली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे.

मुनियप्पाचे वकील उठून म्हणाले की याचा खटल्याशी संबंध नाही. तुम्ही अगदी नम्रपणे मॅजिस्ट्रेटना सांगितलंत की साक्षीदार विश्वासार्ह आहे की नाही एवढंच पाहायचंय. त्यांनी परवानगी दिली. तुम्ही परत विचारलंत, यजमान हयात आहेत? ती खोटं बोलू शकली असती. तुमच्या हातात कागद नव्हता, हुबळीचा माणूस नव्हता, काही नव्हतं. फक्त मी जेवताना सांगितलेलं होतं. पण ती शपथेवर होती.

"आहेत," ती म्हणाली.

तुम्ही पुढचा प्रश्न तोंडानं विचारलाच नाहीत. एक बोट उचललंत आणि स्वतःच्या कपाळाला, दोन भुवयांच्या मध्ये, लावलंत. कोर्टात खसखस पिकली.

त्यानंतरचं राघवेंद्र नेहमी सांगतो तेच. शाळेत काय सांगितलंत? विधवा आहे म्हणून. म्हणजे खोटं? हो. रोज? हो. पोटासाठी? हो. "मला आणखी काही विचारायचं नाही," तुम्ही म्हणालात आणि बसलात. बसताना कोटाची मागची बाजू सारखी केलीत.

मुनियप्पा भिंतीशी उभा होता. त्याला त्यातलं किती कळलं ते माहीत नाही. लोक हसले तेव्हा तोही, सगळे हसतात म्हणून, थोडासा हसला.

निकालात लिहिलं होतं की ही एकच स्वतंत्र साक्षीदार, आणि ती स्वतःच्याच कबुलीनं रोज खोटं जगते. तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा देणं धोक्याचं आहे. मालक सुटला. मुनियप्पाचं कोपर वाकडंच बसलं, हात सरळ होईना. तो बायकोला घेऊन कोलारकडे गावी निघून गेला.

शाळेनं विमलला निकालापर्यंतही ठेवलं नाही. घरमालकीण म्हणाली, आमच्या घरात मुली आहेत. मी तिला आपल्याकडे ये म्हणायला गेले तेव्हा तिनं दार पूर्ण उघडलं नाही. "तुझ्याकडे नको," म्हणाली. ती रागानं बोलली नाही, दमल्यासारखी बोलली. बातमी हुबळीला पोचायला वेळ लागला नाही. वडील आणि नवरा दोघं मिळून तिला न्यायला आले. जायला दुसरी जागाच उरली नव्हती. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. टांग्यात बसलेल्या विमलच्या कपाळावर मोठं, ओलं कुंकू होतं. कुणीतरी घाईनं लावलेलं, एका बाजूला पसरलेलं.

त्या दिवशी आपण काय बोललो ते तुम्हाला आठवत होतं का, मला कधी कळलं नाही. मला आठवतं. मी म्हटलं, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ती माझी पक्षकार नव्हती. मी म्हटलं, 'काही आलंच तर मी आहे' म्हणाला होतात. तुम्ही म्हणालात, "शारदा, मी तिला खोटं बोलायला लावलं नाही. खरंच बोलायला लावलं." मग पान पुढे ओढलंत आणि जेवलात. तुमच्या त्या वाक्याला मी वर्षानुवर्षं उत्तर शोधलं. तुमचीच कायद्याची पुस्तकं वाचली. आरोपीला बचावाचा हक्क असतो, वकिलानं अशिलाचं भलं पाहायचं असतं, हे सगळं मला मान्य आहे. मी अडाणी नाही. तुम्ही कायदा मोडला असंही म्हणत नाही. तुम्ही आपलं घर मोडलंत, आणि ते तुम्हाला ऐकू आलं नाही.

कारण त्यानंतर मी तुम्हाला कुणाचंही काही सांगितलं नाही. भावाची नोकरी गेली, सांगितलं नाही. आपल्या लेकीचं मन आधी दुसरीकडे होतं, ती माझ्यापाशी रडली, ते तुम्हाला मरेपर्यंत कळलं नाही. माझ्या छातीत गाठ आली तेव्हा मी बहिणीबरोबर डॉक्टरकडे गेले आणि तुम्हाला देवळात गेले होते म्हणून सांगितलं. गाठ साधी निघाली. ती साधी निघाली म्हणून रडायलाही मला बहिणीच्याच घरी जावं लागलं. एकदा तुम्ही म्हणालात, तू हल्ली काही सांगत नाहीस. मी म्हटलं, विचारा की, विचारण्यात तुमचा हात कोण धरणार. तुम्ही हसलात. तुम्हाला ती चेष्टा वाटली.

आणि तरी. मला टायफॉइड झाला तेव्हा गुंता झालेले माझे केस तुम्ही खोबरेल लावून बोटांनी एकेक बट सोडवत मोकळे केलेत. सासूबाई कापून टाका म्हणत होत्या. तुम्ही कोर्टात न जाता तीन सकाळी तेच करत बसलात. लेकीला परदेशी शिकायला पाठवताना सगळं घर विरोधात होतं, तुम्ही एकटे उभे राहिलात. तुमचे डोळे अधू झाल्यावर जे. पी. नगरच्या ह्या घरात मी तुम्हाला रोज पेपर वाचून दाखवायची. एखादा इंग्रजी शब्द मी चुकीचा उच्चारला तर तुम्ही दुरुस्त करायचा नाहीत, नुसता पुढच्या बोलण्यात तोच शब्द बरोबर वापरायचात. इतका नाजूकपणा तुमच्यात होता. त्यामुळेच मला तुम्हाला माफ करता आलं नाही. दगड असतात तर सोपं गेलं असतं.

आता शेवटचं. हे राघवेंद्रलाही माहीत नाही.

साठच्या दशकात मी भाच्याच्या लग्नाला हुबळीला गेले होते. पत्ता काढून विमलकडे गेले. तिचा नवरा पुढच्या खोलीत आरामखुर्चीत रेडिओ ऐकत बसला होता. तिनं मला आत नेलं, चहा टाकला. जाड झाली होती. मुलं दोन. माझ्या मुलांची नावं विचारली, शाळा विचारली. तुमचं नाव काढलं नाही. मीच क्षमा मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ते राहू दे गं. मार आता कमी झालाय, वय झालं त्याचं." मग स्टोव्हची वात कमी केली आणि आवाजही.

"एकच विचारायचं होतं. हा घरात काही झालं की मला म्हणतो, कोर्टानं ठरवलेली खोटारडी. मुलांसमोर म्हणतो. परवा थोरला चिडला, तर तोही तेच म्हणाला मला. माझं कपाळाचं खोटं होतं, कबूल. पण गिरणीत मी पाहिलं ते खरं होतं. तुझ्या नवऱ्याला तरी ते खरं वाटलं होतं का? विचारशील?"

मी विचारेन म्हटलं. घरी आल्यावर किती दिवस माझी जीभ उचलेना. मग एका रविवारी तुम्ही व्हरांड्यात बुटांना पॉलिश करत बसला होतात. तुमचे काळे बूट तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. मी समोर बसले आणि विचारलं, विमल गिरणीबद्दल खरं बोलत होती असं तुम्हाला वाटलं होतं का?

तुम्ही ब्रश थांबवलासुद्धा नाहीत. "अर्थात. पहिल्या दिवसाची साक्ष वाचली तेव्हाच कळलं. म्हणून तर तिला परत बोलावलं. जो खोटं बोलतो तो दोन प्रश्नांत आपोआप पडतो, त्याच्यासाठी काही करावं लागत नाही. ती पडण्यासारखी नव्हतीच. खरं बोलणाऱ्याचं दुसरंच काहीतरी शोधावं लागतं."

तुम्ही हे अभिमानानं बोलला नाहीत, हेही लिहायला हवं. वरणाला फोडणी कशी देतात ते मी सांगावं, तसं बोललात.

मी आत गेले, एक कार्ड आणलं, हुबळीचा पत्ता घातला आणि तुमच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हेच एका ओळीत लिहा. बाकी काही नको. उघडं कार्ड जाऊ दे, पोस्टमन वाचेल, तिचा नवरा वाचेल, तिचा मुलगा वाचेल. तुम्ही हात पुसलेत, खिशातून पेन काढलंत, टोपण काढलंत. मला खरंच वाटलं की तुम्ही लिहिणार. कार्डावर पेन टेकवून तुम्ही बराच वेळ बसलात. शाईचा एक ठिपका उमटला. मग टोपण परत लावलंत.

"मी लेखी देत नाही, शारदा. अशील जिवंत आहे अजून."

मग मीच लिहिलं. खूप दिवसांनी विमलचं उत्तर आलं. पावसापाण्याचं होतं, मुलांच्या परीक्षांचं होतं, आणि शेवटी एक ओळ: ह्यांनी वाचलं, म्हणाले मैत्रिणीचं लिहिणं आहे, त्याला काय अर्थ.

अशील पुढे मेला. त्याच्या तेराव्याला तुम्ही जेवून आलात. त्यानंतर मी आणखी एकदा विचारलं, आता लिहाल का? तुम्ही म्हणालात, आता काय उपयोग. विमल तेव्हा जिवंत होती. ती पुढे कितीतरी वर्षं जगली, आणि गेली तेव्हा तिच्या थोरल्यानं मला चार ओळींनी कळवलं. त्यात आईविषयी एकही शब्द चांगला नव्हता.

तो थोरला अजून हुबळीत असतो. हे लिहून झालं की ह्याची एक प्रत मीराला जाईल, एक अनिकेतला आणि एक त्याला. माझं लिहिणं आहे, त्याला काय अर्थ, असं तो म्हणेल कदाचित. पण त्याच्या वडिलांनी मला मैत्रीण म्हणून बाजूला सारलं होतं. आज मी तुमची विधवा म्हणून लिहिते आहे, तुमच्या विरुद्ध, आणि माझं कपाळ आता कुणीही येऊन पाहावं.

हे शेवटचं विमलच्या थोरल्यासाठी: तुमची आई गिरणीबद्दल खरं बोलली होती. ज्यांनी तिला खोटं ठरवलं त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी मला तसं सांगितलं.

शारदा